सासऱ्यांना टोकियोचं नाट्यसंग्रहालय दाखवावं का?

पत्र: आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहतो. मे महिन्यात सासरे सांगलीहून येतायत. वय ७१. चाळीस वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा करत आलेत, राज्य नाट्य स्पर्धेच्या कितीतरी नाटकांना त्यांचा हात लागलाय. त्यांना वासेदा विद्यापीठातलं नाट्यसंग्रहालय दाखवावं असं माझ्या मनात आहे. यजमान म्हणतात, सगळं जपानीत असतं, बाबा अर्ध्या तासात कंटाळतील, त्यापेक्षा स्कायट्रीचा उंच मनोरा बघू. दहा वर्षांची मुलगीही बरोबर असेल. किती वेळ काढावा, काय बघावं, भाषा येत नसताना हाती काही लागेल का?
(एक सून, निशी-कसाई)

उत्तर: जरूर न्या, आणि स्कायट्री त्याच दिवशी ठेवू नका. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे रंगवलेल्या माणसाला टोकियोत यापेक्षा जवळची जागा सापडणं कठीण आहे.

यजमानांची भीती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. नाट्यसंग्रहालयात भलेभले कंटाळतात, आणि त्याला भाषेपेक्षा मोठं कारण आहे. चित्रांच्या संग्रहालयात चित्र असतं, इथे नाटक नसतं. प्रयोग संपल्यावर जे मागे उरतं तेवढंच काचेमागे येतं: एखादा टोप, मुखवटा, जाहिरातीचा कागद. हे घालून माणूस हलायचा कसा, हे चिकटवायचे कशाने, प्रेक्षक किती लांब बसायचा, असे प्रश्न विचारत गेलं तरच त्या वस्तू बोलू लागतात. ते प्रश्न विचारायची सवय तुमच्या सासऱ्यांना आयुष्यभराची आहे. म्हणून त्या दिवशी त्यांना पुढे चालू द्या आणि तुम्ही मागे राहा.

आधी दिवस ठरवा. प्रवेश विनामूल्य असतो आणि साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ५ अशी वेळ असते. पण हे विद्यापीठाचं संग्रहालय आहे. एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावताना ते बंद राहतं, विद्यापीठाच्या सुट्ट्यांना बंद राहतं, फेब्रुवारीत प्रवेशपरीक्षा असतात तेव्हा आवारातच बाहेरच्यांना मज्जाव असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात जपानची मोठी सुट्टी येते, ती टाळा. तारीख ठरली की संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं त्या महिन्याचं कॅलेंडर उघडून बघा, नकाशाच्या अॅपवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका. ‘उघडं आहे’ असं वाचून गेलेली माणसं तिथूनच परत फिरतात.

जाणं तुम्हाला अगदी सोपं आहे. निशी-कसाई आणि वासेदा ही दोन्ही स्टेशनं तोझाई लाइनवरच आहेत. गाडी बदलायची नाही, बारावं स्टेशन. साडेनऊच्या आत निघू नका. किबा ते मोन्झेन-नाकाचो हा पट्टा ऐन गर्दीत आपल्या लोकलची आठवण करून देतो आणि सासऱ्यांची निम्मी शक्ती तिथेच जाईल. वासेदाला ३ए किंवा ३बी दाराने बाहेर पडा, पुढे सात-आठ मिनिटं चालायचं आहे. मजल्यांचा एक घोळ आधीच लक्षात घ्या: जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. तेव्हा संग्रहालयाचा तिसरा मजला म्हणजे आपला दुसरा, म्हणजे दोनच जिने चढायचे. गुडघे दुखत असतील तर चढण्या-उतरण्याची काय सोय आहे, ते फोन करून आधी विचारा.

इमारतीपाशी पोचल्यावर लगेच आत शिरू नका. संग्रहालयातली सगळ्यात मोठी वस्तू बाहेर उभी आहे, आणि ती म्हणजे ही इमारतच. १९२८ साली वास्तुकार इमाई केन्जी यांनी ती लंडनच्या ‘फॉर्च्यून’ या नाटकघराच्या धर्तीवर बांधली. मूळ फॉर्च्यून १६०० साली उभं राहिलं आणि १६२१ साली जळून गेलं. पण ते बांधणाऱ्या सुतारमिस्त्रीशी, पीटर स्ट्रीटशी, केलेला करारनामा टिकला. त्यात मापं दिली आहेत: बाहेरून चारही बाजूंनी ८० फूट, आतलं मोकळं अंगण ५५ फूट, रंगमंच ४३ फूट रुंद आणि अंगणाच्या मध्यापर्यंत पुढे आलेला, खर्च ४४० पौंड. वासेदाची इमारत ही त्याची तंतोतंत प्रतिकृती नाही. पण त्या नाटकघराचे सगळे अवयव इथे जागच्या जागी आहेत आणि ते ओळखण्यात खरी गंमत आहे.

दर्शनी भागात पुढे आलेला आहे तो रंगमंच. आत जायची दारं त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला आहेत. दोन्ही बाजूंनी पुढे आलेले इमारतीचे पंख म्हणजे पैसेवाल्यांचे सज्जे. रंगमंचामागे, जिथे आज ग्रंथालयाची वाचनखोली आहे, ती रंगपटाची जागा. आणि तुम्ही ज्या फरशीवर उभे आहात ती म्हणजे पिट. शेक्सपिअरच्या काळात लोक एक पेनी देऊन तिथे उभ्याने नाटक बघत. सासऱ्यांना मध्यभागी उभं करा आणि विचारा, इथून नटाचा चेहरा किती दिसेल? दिवसाउजेडी, डोक्यावर छप्पर नाही, तीन बाजूंना माणसं, तर इथे रंगभूषा कशी करावी लागली असती? या एका प्रश्नावर पंधरा मिनिटं सहज जातील. दर्शनी भागावर लॅटिन अक्षरं कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ साधारण असा: सारं जग नाटक करतं.

आत गेल्यावर पहिली चूक होते ती खालपासून सुरुवात करण्याची. खालच्या मजल्यांवर बदलती प्रदर्शनं असतात. ती चांगली असतात, पण विषय फार नेमका असतो: एखादा नाटककार, एखादी नटी, एखादं दशक. नवख्या माणसाची ताकद तिथेच संपते. तुम्ही सरळ तिसऱ्या मजल्यावर जा. तिथे जपानी रंगभूमीचा इतिहास काळाच्या क्रमाने मांडलेला आहे. एक तास तिथे, अर्धा तास दुसऱ्या मजल्यावर आणि बाहेर इमारतीपाशी अर्धा, असे दोन तास पुरेत. याहून जास्त ओढाताण करू नका.

दालनात उजेड कमी वाटेल. ती कंजुषी नाही. जुन्या छापचित्रांमधली निळाई ज्या वनस्पतींच्या रसातून काढत, ती उजेडाने उडून जाते. म्हणून कागद आणि रेशीम असलेल्या वस्तूंवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवायचा, असा संग्रहालयांचा प्रघात आहे. घरच्या ट्यूबलाइटच्या मानाने हे फारच कमी. बाहेरच्या उन्हातून आल्यावर चार-पाच मिनिटं नुसतं बाकावर बसा, डोळे सरावले की मग बघायला लागा. नाहीतर सासरे ‘काही दिसत नाही’ म्हणून पुढे सरकतील. याच कारणाने वस्तू सारख्या आलटून-पालटून मांडतात. त्यामुळे अमुकच चित्र बघायचं असं ठरवून जाऊ नका, तुमच्या दिवशी ते पेटीत विश्रांती घेत असेल. चित्रांचीच गोडी लागली तर संग्रहालयाने नटांची चाळीस हजारांहून जास्त छापचित्रं संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. ती घरी मोठ्या पडद्यावर बघता येतात.

नो या जपानच्या जुन्या, मुखवटे घालून करायच्या नाटकाचा मुखवटा दिसला की तिथे थांबा. शक्यतो तरुण स्त्रीचा निवडा, त्याला ‘को-ओमोते’ म्हणतात. हिनोकी नावाच्या सुरूच्या जातीतल्या लाकडात तो कोरतात, वर शिंपल्यांची पूड सरसात कालवून तिचे थर देतात आणि घासून रंगवतात. उंची जेमतेम २१ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या चेहऱ्याहून लहान, त्यामुळे नटाची हनुवटी खालून दिसत राहते. ती लपवायचा प्रयत्नही कोणी करत नाही. आता मुखवट्याकडे तीन उंचींवरून बघा. आधी सरळ उभं राहून. मग गुडघे वाकवून खालून: चेहरा उजळतो, हसू फुटल्यासारखं वाटतं. मग टाचा उंचावून वरून: तोच चेहरा खिन्न होतो. नट नेमकं हेच उलट बाजूने करतो, मान किंचित वर किंवा खाली नेतो. वर नेण्याला ‘तेरासु’, उजळवणं, आणि खाली नेण्याला ‘कुमोरासु’, झाकोळणं, असे शब्द आहेत. एकही रेघ न बदलता भाव बदलतो, तो कोरणाऱ्याने ओठांच्या कोपऱ्यात आणि पापण्यांच्या उतारात आधीच भरून ठेवलेला असतो. काचेत मुखवटा हलत नाही, म्हणून आपण हलायचं. सासऱ्यांना खाली वाकणं जमत नसेल तर मुलीला वाकवा आणि तिला काय दिसलं ते तिने आजोबांना सांगावं. डोळ्यांची भोकंही बघा, इवलीशी आणि चौकोनी. त्यातून नटाला जवळजवळ काही दिसत नाही, तो रंगमंचाच्या खांबांवरून आपली जागा ओळखतो.

पुढे काबुकीचा, म्हणजे नाचातून उभ्या राहिलेल्या जपानी नाटकाचा, काळ लागतो. १६०३ च्या सुमाराला क्योतोत ओकुनी नावाच्या बाईने हे नाच सुरू केले. १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली आणि १६५२ मध्ये कोवळ्या मुलांनाही. उरले मोठे पुरुष, आणि त्यांच्यातून ‘ओन्नागाता’ म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची परंपरा उभी राहिली. ती आजही चालू आहे. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागणार नाही. तंत्रातला फरक मात्र दाखवा. आपल्याकडे स्त्रीपार्टी नट गंगावन लावायचे, इथे टोपाचा पाया तांब्याचा असतो. नटाच्या डोक्याबरहुकूम तांब्याचा पत्रा ठोकून टोपणासारखा करतात आणि त्यावर केस बसवतात. साचा करणारा कारागीर वेगळा, केस विंचरून रचना करणारा वेगळा. टोप मांडलेला असेल तर कपाळाची कड बारकाईने बघायला सांगा. स्पिरिट गमने टोपाची कड बसवताना जी शिवण दर वेळी दिसायची, ती इथे रेशमी पट्टीने कशी झाकली आहे, ते त्यांना तुमच्या-आमच्याआधी दिसेल.

रंगाचंही तसंच. काबुकीचा नट आधी मेणट तेल चोळतो, भुवयासुद्धा त्याखाली दाबून टाकतो, मग रुंद ब्रशने पातळ सफेदा ओढतो आणि स्पंजाने थापून बसवतो. तेल कमी पडलं तर सफेदा फुटतो, जास्त झालं तर घामाने घसरतो. त्यावर ‘कुमादोरी’च्या रेघा: लाल म्हणजे शूर आणि रागीट, निळी म्हणजे दुष्ट किंवा भूत, तपकिरी म्हणजे राक्षसी. एक कड धारदार ठेवतात आणि दुसरी बोटाने पुसत विरवतात, म्हणून रेघ शिरेसारखी उठून येते. प्रयोगानंतर नट कधीकधी चेहऱ्यावर रेशीम किंवा सुती कापड दाबून त्या रंगांचा ठसा घेतो, त्याला ‘ओशिगुमा’ म्हणतात. असा ठसा मांडलेला आढळला तर त्यापुढे सासऱ्यांना एकटं सोडा. त्यावर बोटांचा दाब, घाम, कुठला रंग आधी लावला, सगळं उतरलेलं असतं.

आणि सफेद्याबद्दल एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. जुना सफेदा शिशाचा होता. १८८७ साली सम्राटांपुढे काबुकीचा प्रयोग झाला, त्यात नाकामुरा फुकुसुके या ओन्नागाताचा पाय थरथरत होता. ते शिशाचं विष होतं. त्यानंतर बिनशिशाचा सफेदा बनवण्याच्या खटपटीला जोर आला.

छापचित्रांपुढे गेल्यावर चेहऱ्याआधी बाही बघा. नटाच्या घराण्याचं चिन्ह बहुधा कपड्यावर असतं. एकात एक बसलेले तीन चौकोन दिसले तर तो इचिकावा दान्जुरो घराण्याचा नट. ती धान्य मोजायची लाकडी मापं आहेत, वरून बघितलेली. आपल्या पायलीत शेर आणि शेरात आणखी लहान माप ठेवावं तशी. एवढी एक खूण कळली की पुढच्या दहा चित्रांत तोच माणूस किंवा त्याचा मुलगा-नातू ओळखता येतो, आणि मुलीला शोधायला खेळ मिळतो.

सांगलीच्या माणसाला एक साल विसरून चालणार नाही: १८४३. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते वर्ष. जपानी गणतीने ते तेम्पो १४. नेमक्या त्याच सुमाराला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, नाटकावर गदा आली होती. १८४२ मध्ये सरकारने नाटकघरं शहराच्या कडेला आसाकुसाकडे हलवायला लावली, उधळपट्टीच्या आरोपावरून सातव्या दान्जुरोला शहराबाहेर काढलं आणि नटांची चित्रं छापायला बंदी केली. सांगलीत राजाश्रयाने नाटक उभं राहत होतं, इथे त्याला हाकललं जात होतं. या काळातला एखादा कागद दिसला तर तो या नजरेने बघा.

सालांचा हिशेब घरूनच पाठ करून जा, कारण पाट्यांवर पुष्कळदा सम्राटांच्या गणतीचंच साल असतं. शालिवाहन शकात आपण ७८ मिळवतो ना, तसंच: मेइजीच्या आकड्यात १८६७ मिळवा, ताइशोत १९११, शोवात १९२५. शोवा ३ म्हणजे १९२८, या इमारतीचं साल. फोनचा कॅमेरा पाटीवर धरून भाषांतर मिळतं आणि छापील पाटीला ते बरं चालतं. जुन्या जाहिरातींवर मात्र ते साफ फसतं. त्यांवरची अक्षरं जाडजूड, आतल्या बाजूला वळलेली आणि मधली मोकळी जागा भरून टाकणारी असतात. ‘कान्तेई’ वळणाची ही अक्षरं १७७९ साली खास नाटकांसाठी घडवली. नाटकघरात एकही जागा रिकामी राहू नये आणि प्रेक्षक आत ओढला जावा, ही त्यामागची इच्छा. तिथे भाषांतराचा नाद सोडा आणि नुसतं अक्षर बघा. फोटोची परवानगी दालनागणिक वेगळी असू शकते, चिन्ह बघा किंवा ‘शाशिन वा इइ देस्‌ का’ एवढं विचारा. टिपणासाठी पेन नको, पेन्सिल न्या. काचेजवळ शाईचा पेन बघितला की जपानी संग्रहालयांतले कर्मचारी हळूच पेन्सिल आणून देतात.

दुसऱ्या मजल्यावर त्सुबोउची शोयो यांची खोली आहे. संग्रहालय त्यांच्याच नावाने आणि त्यांच्या सत्तरीनिमित्त उभं राहिलं. शेक्सपिअरचं सगळं साहित्य त्यांनी एकट्याने जपानीत आणलं, ४० खंड, आणि तेही १९२८ लाच पुरं झालं. वर बघायला विसरू नका: छतावर मेंढ्या आहेत, कारण शोयो मेंढीच्या वर्षी, १८५९ साली जन्मले. इथे सासऱ्यांना आगरकर आठवतील. आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये केलं, शोयोंनी ज्युलिअस सीझर १८८४ मध्ये. आगरकरांच्या नाटकातली नावं-गावं देशी झाली आणि पुढे गणपतराव जोशांनी त्यातली हॅम्लेटची भूमिका गाजवली. शोयोंचा सीझर बाहुलीनाट्याच्या गायकीच्या ढंगात उतरला. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन माणसांनी जवळजवळ एकाच वेळी त्याच पेचाला हात घातला होता: परका नाटककार आपल्या लोकांच्या कानाला गोड कसा लागावा. या खोलीत घाई करू नका.

मुलीसाठी दोन कामं राखून ठेवा. बुनराकुची, म्हणजे जपानी बाहुलीनाट्यातली, बाहुली मांडलेली असेल तर तिला पाय आहेत का ते शोधायला सांगा. स्त्री-बाहुल्यांना बहुधा पाय नसतात. एका बाहुलीला तिघे जण हलवतात, त्यातला पायांचा माणूस किमोनोचा घेर आपल्या मुठींनी सरकवून चाल दाखवतो. दुसरं काम बाहेर: शोयोंच्या पुतळ्याचा उजवा हात चकचकीत का झालाय ते ओळख. तो हात हातात घेतला की वासेदात प्रवेश मिळतो असा मुलांचा समज आहे. बाहेर पडल्यावर ओकुमा बाग उघडी असेल तर तासभर तिथे बसा, डबा तिथेच खा.

त्यानंतर जमल्यास त्याच आठवड्यात काबुकीचा एक अंक बघा, त्याच दिवशी नको. हिगाशी-गिन्झाच्या काबुकी-झामध्ये चौथ्या मजल्यावर एकाच अंकाची तिकिटं मिळतात. अंकानुसार दर बदलतो. राखीव जागा आदल्या दिवशी ऑनलाइन निघतात, थोड्या त्याच दिवशी खिडकीवर. तिथून प्रेक्षकांतून जाणारी वाट, ‘हानामिची’, जवळजवळ दिसत नाही, फक्त रंगमंचालगतचा तुकडा दिसतो. चांगले नट महत्त्वाची पोझ नेमकी त्याच तुकड्यावर घेतात, तेवढ्यासाठी दुर्बीण बरोबर हवीच. दुर्बिणीतून सासऱ्यांना सफेद्याची कड आणि टोपाची शिवण दिसेल, संग्रहालयात बघितलेली, आता घामात भिजलेली. परतताना हिबिया लाइनने कायाबाचोला या, तिथून तोझाई लाइन. दुपारची जलद गाडी निशी-कसाईला थांबत नाही, तेव्हा साध्या गाडीतच चढा.